खुडूक

हौसाक्का पदरात पाच अंडी घेऊन माझ्या दारात उभी होती. गावातली शेवटची गावरान कोंबडी एकोणीस दिवस त्यांच्यावर बसली होती. सकाळी तिला मुंगसाने नेलं.

"सगळं गाव पालथं घातलं, मास्तर. खुडूक कोंबडी मिळेल तर शपथ. सगळ्यांच्या कोंबड्या अंडी घालतात, उबवायला एकही बसत नाही. माझ्या आईपासूनचं वाण आहे हे. दोन दिवस ऊब मिळाली तर पिल्लं निघतील."

मी मान खाली घातली. खुडूक न होणारी, वर्षभर अंडी देणारी जात आणा, असं पुस्तकातून गावाला मीच वाचून दाखवलं होतं.

"पुस्तकात आता काय लिहिलंय?"

"काही नाही."

"मग सदरा काढून आडवे व्हा. माझ्या हाडांत ऊब राहिली नाही."

मी आडवा झालो. तिने अंडी एकेक करून माझ्या पोटाशी ठेवली आणि वर घोंगडं टाकलं.

"हलू नका. खुडूक झालात तुम्ही."

अंडी गार होती की माझंच पोट, ते मला ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काही हललं का?"

"अजून नाही," मी म्हणालो आणि श्वास रोखून पडून राहिलो.