छातीतला भाडेकरू

शिंपी कोटाची बाही उसवत होता तेव्हा बायकोच्या शाळेतून फोन आला. ती वर्गात शिकवता शिकवता कोसळली होती. तो धावतपळत दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"हृदय नाही, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एक डबी त्याच्या हातात ठेवली. "हे छातीतून काढावं लागलं. चितेच्या आगीत फुटतं."

डबीत तिचं यंत्र होतं, पेसमेकर. कोटाच्या बटणाहून जरा मोठं, तारेची शेपटी असलेलं. मध्यंतरी तिचं हृदय अडखळायला लागलं तेव्हा बसवलेलं. ती त्याला भाडेकरू म्हणायची. "छातीत बिऱ्हाड केलंय, पण भाड्याचं नाव नाही!"

ती मुलांना वीज आणि चुंबक शिकवायची. "मी गेले की भाडेकरूला माझ्या वर्गात पाठवा," असं तिने सांगून ठेवलं होतं. तेव्हा तो तिच्यावर चिडला होता. आता डबी घेऊन तो मुकाट्याने शाळेत गेला.

तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी वाडग्यात मिठाचं पाणी घेतलं, यंत्र त्यात ठेवलं आणि पाण्यातून दोन तारा विजेचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याला जोडल्या. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. सरळ, सरळ, आणि टुणकन उडी.

"पाण्यात का, बाई?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"आपलं अंग म्हणजे खारं पाणीच. त्यातून वीज वाहते."

मागच्या बाकावर शिंपी बसला होता. रेघ पुन्हा उडाली.

"चालू आहे," तो पुटपुटला. "तिचा ठोका चालू आहे."

मग तो रोज येऊ लागला. बाकात गुडघे मावत नसत, मुलं सरकून जागा करत. रासायनिक ऊर्जेची विद्युत ऊर्जा कशी होते हे नव्या बाई सांगत. त्याला त्यातलं फारसं कळत नसे. तो रेघ बघत बसे आणि मग दुकान उघडायला जाई. त्याच्या घशाखाली आता घास उतरू लागला होता.

"बाई, आतला सेल किती चालेल हो?" एक दिवस त्याने विचारलं.

"अजून काही वर्षं तरी." नव्या बाई घुटमळल्या. "काका, दवाखान्यातला माणूस येऊन ते बंद करून देतो. बोलवू का?"

"नको. मीच करीन फोन. ते बंद केल्यावाचून कुणाचं काय अडलंय?"

"बरं. पण या धड्याचा थोडा भाग उरलाय. उद्या तुम्ही दुकानातच थांबा ना."

"माझी अडचण होते का?"

"छे, तसं नाही."

"मग येतो की. मी कुठे बडबड करतो?"

"बडबड नाही, काका नुसते घोरतात!" पुढची मुलगी म्हणाली. वर्ग खो खो हसला. शिंपीही हसला. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. नव्या बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे तोंड केलं.

"हे यंत्र उगाच ठोके देत नाही. ते आधी ऐकतं. हृदयाचा ठोका ऐकू आला, की गप्प बसतं. तुमच्या बाईंचं हृदय बहुतेक वेळ आपलं आपणच चालायचं. त्या असताना हा पडदा जोडला असता, तर यंत्राची रेघ बहुतेक वेळ सरळच दिसली असती."

"मग आता का सारखी उडते?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

नव्या बाई वळल्या नाहीत. "आता त्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून."

रेघ उडाली. ते बंद करायला दवाखान्यात फोन करायचा शिंप्याचा अजून राहिला आहे.