बुवांचा नवा गळा

कर्करोगात गेलेल्या गळ्याच्या जागी केळशीकरबुवांनी एका कंपनीचा यंत्रगळा बसवला, आणि कीर्तन पुन्हा सुरू झालं. त्यात औषधाची कुपी घालावी लागे. कंपनीची संपली होती, म्हणून त्यांच्या पत्नी मंदाताईंनी आज बाजारातली दुसरी घातली.

पूर्वरंग छान रंगला. हार घालून, बुक्का लावून बुवा आख्यानाला उभे राहिले. "भर सभेत द्रौपदीने हाक मारली..." आणि त्याच गोड आवाजात पुढे आलं, "कंपनीचीच कुपी वापरा!"

बुवांनी ओठ घट्ट मिटले, तरी गळा थांबेना. मागच्या टाळकऱ्यांना वाटलं, नवं धृपद आहे. त्यांनी सवयीने ते उचललं, "कंपनीचीच कुपी वापरा!" देऊळभर टाळ्या सुरू झाल्या.

"गप्प बसा मेल्यांनो!" मंदाताई पेटी सोडून उठल्या. "माझ्या नवऱ्याच्या नरड्यात बसून कंपनी बोलतेय!"

बुवांनी यंत्र उपसलं आणि बाहेर चपलांत भिरकावलं. मग द्रौपदीसारखे दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं, पण आवाज नव्हता. टाळकरीच त्यांच्यासाठी ओरडले, "कृष्णा, धाव रे!"

बाहेर चपलांतून बुवांच्याच गोड आवाजात उत्तर आलं, "कंपनीचीच कुपी वापरा!"