पाण्यातून निघालेली पावलं

"सूनबाई, महालक्षुमीचे पाय मुठीनंच उमटव. लेकराचे खरे पाय चिखलात दाबू नोको," चुलतसासू प्रयागबाई म्हणाल्या होत्या.

"का हो, आत्याबाई?"

"का म्हनजे? नोको म्हनलं तं नोको! कालेजात सारंच शिकवतेत काय?"

मालती हसली होती. रिठदच्या त्या घरामागं, वावरात पावसाळ्यापुरतं डबकं साचायचं. त्याच्या काठच्या मऊ चिखलात तिनं चार महिन्यांच्या दौलतचे तळवे हौसेनं दाबले. बोटन् बोट उमटलं.

कार्तिकात पाणी ओसरू लागलं. उघड्या पडलेल्या चिखलावर रोज बगळ्यांच्या, टिटव्यांच्या पायांची नक्षी दिसे. एका सकाळी त्या नक्षीत इवली पावलं दिसली. पाण्यातून निघालेली, घराकडे वळलेली.

दौलत अजून धड बसतही नव्हता.

तिनं ती पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पावलं बांधापर्यंत आली होती, तिसऱ्या दिवशी परसात. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, थेट दौलतसारखी.

आज भर दुपारी डबक्यावरचा पाखरांचा कालवा एकाएकी थांबला. मालती विहिरीवरून धावत आली. ओली पावलं उंबरठा ओलांडून पाळण्यापाशी गेली होती. परतीचं एकही नव्हतं. पाळणा हलत होता. आतून दौलतचं हसू आलं, आणि ते थांबायच्या आत दुसरं, तसंच.

तिचा पाय उंबरठ्यावरून उचलेना. म्हणून ती तुम्हालाच विनवते आहे, "जरा आत डोकावून बघा हो. माझा दौलत पाळण्यात एकटाच आहे ना?"