चापटीनंतरची धून

"बंद करा ते आधी!" दुकानात पाऊल टाकताच सपनाने आवाज चढवला.

रुपचंदने कॉम्प्युटरवरचं गाणं थांबवलं आणि खुर्ची वळवली. धुळ्यात त्याचा डीजेचा धंदा. लग्नसराईत त्याच्याकडे कुणी ना कुणी भांडायला येतच असे, त्यामुळे तो गडबडला नाही.

"काय झालं, ताई? बसा तर खरं."

ती बसली नाही. तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. एक रील होतं, खाली रुपचंदच्या डीजेचं नाव. नवरी मांडवात येतेय, दोन्ही बाजूंनी धुराचे फवारे, आणि मागे जुन्या व्हिडिओ गेमची धून. संथ केलेली, हळवी केलेली, खाली ट्रान्स संगीताचा ठेका. मध्येच धून अडकते. एक चापट ऐकू येते. मग ठेका पुन्हा सुटतो.

"ही चापट माझ्या भावाची आहे," सपना म्हणाली. "मेलेल्या भावाची. आणि तुम्ही तिच्यावर नवऱ्या नाचवताय? लाज कशी वाटत नाही?"

भाऊ प्रशील आणि ती दीपनगरच्या कॉलनीत वाढले. त्यांचा टीव्ही गेम एका ठरावीक जागी अडकायचा. प्रशील गेमच्या डब्यावर चापट मारायचा आणि धून पुढे सरकायची. गेल्या वर्षी त्याने तसाच खेळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. त्याच संध्याकाळी अपघात झाला. त्याच्या फोनचा चुराडा झाला. सपनाने सेव्ह केलेलं ते स्टेटस तेवढं उरलं.

त्या अर्ध्या मिनिटातून तिने रीमिक्स केलं. नोकरी सांभाळून, कानाला हेडफोन लावून, रडत आणि चिडत. नेटवर टाकलं तेव्हा लोकांनी लिहिलं, रडवलंत. आणि आता कुणीतरी त्यातली नेमकी चापटच उचलली होती.

"मला त्यातलं काय कळतं, ताई?" रुपचंद म्हणाला. "मी ऑर्डरी घेतो. गाणी आमचा साउंडवाला करतो. सोनगीरचा नथ्थू."

सपनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नथ्थू लहानपणापासून मामाकडे, त्यांच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहिलेला. प्रशीलला फिट यायच्या, म्हणून आईने, रुक्माबाईंनी, त्याला गाडीला हात लावू दिला नाही. चावी त्या नथ्थूकडे द्यायच्या. "तूच चालवायची. प्रशील मागे बसेल," हे दर वेळी बजावायच्या. आणि त्या संध्याकाळी एरंडोलच्या रस्त्यावर गाडी दुभाजकावर चढली. प्रशील जागीच गेला. नथ्थूचा नुसता हात मोडला.

दवाखान्यात त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "गाडी मी चालवत होतो." पोलिसांनाही तेच. रुक्माबाईंनी त्याच्या कानाखाली वाजवली. तो मान खाली घालून उभा राहिला. नंतर गाव गाठून मोकळा झाला. निर्लज्ज मेला.

तेवढ्यात वायरींचं भेंडोळं खांद्यावर घेऊन नथ्थूच आत आला. सपनाला पाहून दारातच थबकला.

"भाऊ मारलास ते पुरलं नाही?" ती ओरडली. "आता त्याचा आवाज विकतोस? माझ्या रीमिक्समधून चोरून?"

"चोरेल नही शे, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "ती रेकॉर्डिंग मन्हीच शे. मीच करेल व्हती मन्हा मोबाईलमा. त्यामाइनच त्यानी स्टेटसले टाकी."

"खोटारड्या! पुसून टाक ते. आत्ता, माझ्यासमोर."

"दाखवून दे ना यांना," रुपचंद वैतागून म्हणाला. "गाणं समोर उघडंच आहे."

नथ्थू हलला नाही. मग सपनाच कॉम्प्युटरपाशी गेली. पडद्यावर गाण्याचे तुकडे पट्ट्यांसारखे मांडलेले होते. चापटीची पट्टी तिने लगेच ओळखली. तिथे कापलेलं काही हरवत नाही, हे तिला स्वतःचं रीमिक्स केल्यामुळे माहीत होतं. पट्टीचं टोक धरून ओढलं की झाकलेलं परत येतं. चोरीचं असेल तर अर्ध्या मिनिटापुढे काहीच येणार नव्हतं.

तिने टोक ओढलं. पट्टी लांबली. आणखी लांबली.

म्हणजे रेकॉर्डिंग खरंच त्याची होती. त्याने तिचा राग उतरला नाही, उलट भडकला.

"त्याचा एवढा आवाज तुझ्याकडे होता? आणि आम्हाला दिला नाहीस? आई रोज ते अर्धं मिनिट लावून बसते, माहितीये तुला?"

"म्हणीसनच दिधा नही, ताई. पुढलं ऐकू नको. हात जोडस."

"का? तुझं काय उघडं पडेल?"

"मन्हं काय नही. आक्काले सहन व्हवाव नही."

"माझ्या आईला आक्का म्हणू नकोस. तो हक्क गेला तुझा."

नथ्थू पुढे झाला, पण तिने त्याचा हात झटकला आणि बटण दाबलं.

धून सुरू झाली. अडकली. चापट बसली. धून पुढे सरकली आणि प्रशील हसला. तो आवाज ऐकून सपनाचा हात तोंडावर गेला. गेम बंद झाल्याचा खट्ट आवाज आला, किल्ल्या वाजल्या, आणि मग प्रशील बोलला. नथ्थूशी तो नेहमी नथ्थूच्याच बोलीत बोलायचा.

"आईले सांगू नको, नथ्थू, कधीच. तुले मन्ही शप्पथ शे. दे ती चावी, आज गाडी मी चालाडसू."