मंत्र्यांवरची छत्री

नवा पूल खचला, तेव्हा पॉप गाणी गाणाऱ्या गंधालीनं मंत्र्यांनाच जाब विचारणारं गाणं केलं आणि ते रायपूरभर गाजलं. तिचे बाबा सुशीलराव त्याच मंत्र्यांच्या खात्यात बाबू होते. साहेबांनी त्यांना बजावलं, “बेटी से गाना हटवाइए, वरना तबादला.” ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी हे कळल्यावर गंधाली म्हणाली, “बाबा, काढून टाकते मी.” “पहिले मले ऐकव,” ते म्हणाले. गाणं संपल्यावर ते खाली बघत बोलले, “पूल खचायच्या आधी मंत्री भेगा पाहायले आलेच नाही म्हणतेस, ते चूक आहे पोट्टी. आले होते. पाहून, हसून गेले. त्यांच्यावर छत्री मीच धरली होती. हे टाक गाण्यात.” तिनं टाकलं. आठवड्यात सुशीलरावांची बस्तरला बदली झाली. तिथल्या कचेरीत पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, “आप उस गानेवाली के पिताजी हैं?” सुशीलराव ताठ बसले. “हव.”