डावा पंपशू

उकंडरावांची जीप अंगणात उभी होती आणि मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातून तेल ठिबकत होतं. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी, चारही चाकांनी चिखल ओढणारी. भाजीच्या टोपल्यांसाठी मागच्या फळ्या त्यांनीच ठोकलेल्या. पोळ्याआधी ते गेले. चालवणारं कोणी उरलं नाही, म्हणून त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी ती विकायला काढली. हिवऱ्याचं गिऱ्हाईक बाजेवर बसून म्हणालं, "गळती थांबली तं आजच नेतो, नाही तं राहू द्या." गाडीखालून रज्जाक मिस्त्री बोलला, "तेल अडवणारं आतलं चामडं सडलं, भाभी. मऊ कातडं असतं तं आत्ता कडं कापून बसवलं असतं." केसरबाईंनी जीपकडं पाहिलं. गाडी दारातच राहावी, असं मनात होतं. नुसतं गप्प बसलं तरी ती राहणार होती. मग उठून आत गेल्या आणि लेकीच्या लग्नात नवऱ्यानं एकदाच घातलेला डावा पंपशू घेऊन आल्या. "हा कापला तं उकंडभाऊ सपनात येऊन शिव्या देतीन मले," रज्जाक म्हणाला. "रोज सांजच्याले फडकं घेऊन पुसत होते ते या गाडीले," केसरबाई म्हणाल्या. "लोकाच्या दारी अशी गळत कशी धाडू?" कातडं बसलं, नवं तेल भरलं, ठिबकणं थांबलं. दिवस कलताना जीप धुरळा उडवत गेली. अंगणातून रस्त्यापर्यंत एक थेंब नव्हता. केसरबाईंनी उजवा पंपशू उंबऱ्याजवळ ठेवला, तोंड घराकडं करून. माणूस बाहेरून आल्यावर पायातून काढतो तसा.