अहवालातला फोटो

तालुक्याच्या साहेबांनी पाठवलेल्या फोटोग्राफरने कॅमेऱ्याला वाइड लेन्स लावली. “आता बघा ताई, ही एवढीशी खोली हॉलसारखी दिसेल. त्यात फ्लॅश मारला की लख्ख!”

अंगणवाडीच्या कुंदाताईंनी फ्लॅशवर सरळ हात ठेवला. त्या बिनखिडकीच्या खोलीत वीस पोरं चित्रांच्या पुस्तकांवर नाकं टेकवून बसली होती. दिव्यासाठी साहेबांकडे केलेले पाच अर्ज धूळ खात पडले होते.

“साधी लेन्स लावा आणि फ्लॅश काढून ठेवा.”

“अहो, अहवालात छापायचाय! साहेब माझ्यावर उखडतील.”

“उखडू देत. माझं नाव सांगा.”

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “बाई, हा कसला फोटो? नुसता काळोख! पोरं कुठायत?”

“त्या काळोखातच आहेत, साहेब,” कुंदाताई म्हणाल्या. “चार वर्षं झाली.”